उभं राहण्याचे वेगळे पडतील

वाद्यवृंदात कुणाला काय मिळायचं हे ठरलेलं असतं. गायकाला नाव मिळतं, गायिकेला पुष्पगुच्छ, कीबोर्डवाल्याला 'सर' ही पदवी, ढोलकीवाल्याला टाळ्या आणि ऑक्टापॅडवाल्याला वन्समोअर. बेस गिटारवाल्याला जागा मिळते. ती ड्रमरच्या बाजूला, विंगेला खेटून असते आणि कार्यक्रम सुरू होईपर्यंत तिथे पाण्याच्या बाटल्यांची खोकी रचलेली असतात. खोकी हलवायची जबाबदारी बेसवाल्याची.

मी तो खोकी हलवणारा. मुलुंड पूर्वेला राहतो, दिवसा एका पतपेढीत कर्जाच्या फायली पुढे सरकवतो आणि संध्याकाळी सुपारी येईल तिथे बेस वाजवतो. कालिदास नाट्यमंदिरात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम, नवघर रोडला गणपती, पश्चिमेला गरबा, चेकनाका ओलांडला की ठाण्यात कुणाच्या तरी लग्नातला संगीत सोहळा. या सगळ्यातून एक हिशेब मात्र पक्का कळला आहे. स्टेजवर माझं जे जे दिसतं ते दुसरं कुणीतरी ठरवतं, आणि जे दिसत नाही त्याचे पैसे मी भरतो.

ज्यांनी बेस गिटार कधी नीट पाहिलेली नाही (म्हणजे जे आमच्या कार्यक्रमांना नेमाने येतात) त्यांच्यासाठी थोडी माहिती. ही चार जाड तारांची, साध्या गिटारीपेक्षा हातभर लांब वाटणारी वस्तू. वजन चार किलोच्या आसपास. गाण्याचा खालचा सूर आणि ठेका यांची गाठ मारून ठेवणं हे तिचं काम. १९५१ सालापूर्वी हे काम मुख्यतः माणसापेक्षा उंच असा डबल बेस करायचा. त्या वर्षी अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. वाद्य आडवं झालं, गळ्यात आलं, टॅक्सीत मावू लागलं. सगळ्या जगाला सोय झाली. पण डबल बेसवाला निदान वाद्याच्या आकारामुळे तरी लोकांच्या नजरेत भरत असे. फेंडरसाहेबांनी आमचा तेवढाही आधार काढून घेतला.

चार तारांचा आणखी एक तोटा आहे. एका मंडळाच्या खजिनदारांनी मानधनाचं पाकीट देताना मला शांतपणे समजावलं होतं, "हे बघा, तुमच्या शेजारच्या गिटारवाल्याला सहा तारा आहेत. तुम्हाला चार. दोघांना सारखे पैसे दिले तर मला सभेत उत्तर द्यावं लागेल." त्यावर तोड म्हणून मी पाच तारांचा बेस घेतला. पाकीट तेवढंच राहिलं, तारांचा सेट तेवढा महागला.

आता कपडे. बेसवाल्याची परीक्षा पाहण्यात मुलुंडचा हात धरणारं उपनगर नसेल. इथे मराठी आहेत, गुजराती आणि कच्छी आहेत, सिंधी आहेत, तमिळ आणि मल्याळी आहेत, आणि सगळ्यांना सण दणक्यात साजरे करायची हौस आहे. वादकांचा जगभरचा गणवेश काळा शर्ट आणि काळी पँट. काळ्यावर घाम दिसत नाही, डाग दिसत नाही आणि बेसवाला तर मुळीच दिसत नाही. हौसेने मी तसे जोड शिवून घेतले. पहिल्याच संगीत सोहळ्याला नवरीच्या आत्याबाईंनी दारातच अडवलं. "शुभकार्यात काळं? अहो, एवढा शिकलेला दिसता." त्या हिशेबाने माझे काळे शर्ट फक्त मकरसंक्रांतीला चालतात, आणि संक्रांतीला बेस गिटारीचा कार्यक्रम ठेवणारं मंडळ अजून स्थापन व्हायचं आहे.

गुढीपाडव्याला फेटा. फेट्याबद्दल मला आदर आहे, पण त्याचा पाठीवर सोडलेला शेमला आणि बेसचा खांद्यावरून येणारा पट्टा यांची एकच वाट असते. पट्टा शेमल्यावर बसतो. मग गायकाने खूण केली म्हणून मान वळवावी, तर डोकं वळतं आणि फेटा समोरच बघत राहतो. दिवाळी पहाटेला रेशमी कुडता आणि वर जाकीट. जाकिटाची धातूची बटणं बेसच्या पाठीवर घासतात, आणि चार किलोच्या बेसचा पट्टा तासभर खांद्यावर राहिला की रेशमी कुडत्याला ज्या सुरकुत्या पडतात त्या इस्त्रीवाला दाखवून हसतो. त्यात पहाटे पहिल्या रांगेत शाल पांघरून बसलेले एक आजोबा दरवर्षी मध्यंतरात जवळ येऊन विचारतात, "भावगीताला हे कशाला?" मी दरवर्षी म्हणतो, "आयोजकांना विचारा." आयोजक त्यांना काय सांगतात ते मी मुद्दाम ऐकलेलं नाही.

नवरात्र हा वेगळाच विभाग. वर्तमानपत्रात नऊ दिवसांचे नऊ रंग छापून येतात आणि आमची गायिका आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर 'उद्या मोरपंखी' असा हुकूम सोडते. पुरुषाच्या कपाटात मोरपंखी शर्ट असलाच तर तो मेव्हण्याच्या लग्नातला असतो आणि त्याचं पोटावरचं बटण केव्हाच निवृत्त झालेलं असतं. गरब्याच्या आयोजकांचा आग्रह त्याहून दांडगा: वादकांनीही केडियूच घालायचं. केडियूवर आभले असतात. नाचणाऱ्याच्या अंगावर ते चमकतात; बेसवाल्याच्या अंगावर ते वाद्याला पॉलिशपेपर लावतात. तीन तास न थांबता दुगुनीत गरबा वाजवला की माझ्या बेसच्या पाठीवर कच्छचं भरतकाम उमटतं.

पण सगळ्यांवर कडी केली ओणमने. मल्याळी मित्रांच्या कार्यक्रमात मुंडू नेसायचं ठरलं. बिनवायरच्या बेसला एक छोटा ट्रान्समीटर लागतो आणि तो कमरपट्ट्याला अडकवायचा असतो. मुंडूला कमरपट्टा नसतो. ट्रान्समीटर मुंडूला खोचला की दोघांपैकी कुणीतरी खाली येणार हे नक्की असतं; दोघे मिळून येतील का, एवढाच प्रश्न. बेसवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. त्या संध्याकाळी मी पोट फुगवून, श्वास रोखून वाजवलं. नंतर एक गृहस्थ येऊन म्हणाले, "तुमच्या चेहऱ्यावरची तन्मयता फार आवडली."

कपड्यांनंतर उंचीचा प्रश्न येतो. माझी नव्हे, वाद्याची. पट्टा किती लांब ठेवायचा हा बेसवाल्याच्या आयुष्यातला राजकीय प्रश्न आहे. बेस छातीशी धरला तर बोटं मोकळी चालतात, पण माणूस हिशेबाची वही कवटाळून उभा असल्यासारखा दिसतो. गुडघ्याशी लोंबवला तर माणूस रॉकस्टार दिसतो, आणि मनगट अशा कोनात वळतं की पुढचे पैसे फिजिओथेरपिस्टला जातात. इंग्लंडच्या 'न्यू ऑर्डर' बँडचे पीटर हुक बेस जवळजवळ गुडघ्यांशी धरत. 'रोलिंग स्टोन्स'चे बिल वायमन तो जवळजवळ उभा, खांद्याशी धरून शांतपणे उभे असत. आमचा ड्रमर म्हणतो, हुक हो. हाडांचे डॉक्टर म्हणतात, वायमन व्हा. फोटोग्राफर म्हणतो, "काका, जरा बाजूला होता का? मागचा बॅनर झाकला जातोय." आणि आई म्हणते, "कसाही धर, पण पुढे येऊन उभा राहत जा रे. शेजारच्या काकूंना दाखवता येत नाही."

वाद्य नेण्या-आणण्यातही दिसण्याचाच प्रश्न. रिक्षात बेस तिरका बसतो. त्याची मान बाहेर राहते आणि पाच रस्त्याला वळताना मी ती आत ओढतो. लोकलमध्ये मालडब्यात जावं लागतं, तिथे भाजीच्या पाट्या आणि पत्र्याचे डबे यांच्यामध्ये मी माझ्या उंचीची काळी पिशवी छातीशी धरून उभा असतो. सगळे सहानुभूतीने बघतात. एकदा एका वयस्क गृहस्थांनी हलक्या आवाजात विचारलंही, "घरचंच कुणी का?" यावर उपाय नेड स्टाइनबर्गर नावाच्या अमेरिकन डिझायनरने १९८०च्या सुमारास काढून ठेवला आहे: डोकं नसलेला बेस. तारा वर न पिळता खाली पिळायच्या, लांबी एकदम कमी. तसा एक मी मित्राकडून आठवडाभर वापरायला आणला. रिक्षात बसला, लोकलच्या फळीवर बसला. मंडळाच्या अध्यक्षांनी मात्र स्टेजवर पाहून काळजीने विचारलं, "मोडलाय का? तुटलेलं वाद्य देवासमोर नको हो." परत केला.

देवासमोरचा विषय निघालाच आहे तर विजेबद्दल बोललं पाहिजे, कारण हा भाग विनोदी नाही. मंडपातल्या स्टेजला वीज कधी जनरेटरवरून येते, कधी शेजारच्या सोसायटीच्या मीटरवरून, कधी दोन्हींकडून, आणि अर्थिंग ही तिथे श्रद्धेची बाब असते. बेसच्या तारा आतून अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. माइकची जाळी मिक्सरच्या अर्थिंगला. दोन्हींची वीज वेगळ्या बोर्डांवरून आली आणि अर्थिंग धड नसलं, की त्या दोन टोकांमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो. मधली वायर म्हणजे मी: बोटं तारांवर, ओठ कोरससाठी माइकला टेकलेले. पाय ओल्या फळीवर असतील तर वीज तिकडूनही वाट काढते. त्यासाठी जाड रबरी तळव्याचे बूट घालावेत असं कुठलाही शहाणा माणूस सांगेल. पण समोर गणपती बसलेला, स्टेजची पूजा झालेली. बूट पायरीखाली काढावे लागतात. म्हणून माझ्या खिशात ट्यूनरच्या आधी टेस्टर असतो. स्टेजवर चढलो की मी पहिल्यांदा माइकला टेस्टर लावतो. लांबून पाहणाऱ्यांना वाटतं, हा कुठली तरी पूजा करतोय. मनातून मी तेच करत असतो.

बिनवायरचा संच त्याचसाठी घेतला. वायर नाही म्हणजे बेसच्या तारांचा अ‍ॅम्प्लिफायरशी संबंध तुटला, म्हणजे मधली वायर होण्यातून मी सुटलो. पण तो पाहताच ड्रमर म्हणाला, "आता काय, प्रेक्षकांत जाऊन वाजवणार?" डावीकडे त्याची झांज, उजवीकडे विंग, पुढे गायिकेचा पंखा, मागे फुलांची कमान. मी दीड पाऊल हिंडू शकतो. लोक वायरलेस हिंडण्यासाठी घेतात, मी जगण्यासाठी घेतला.

अशा न दिसणाऱ्या वस्तूंनी माझी पिशवी भरलेली असते. सूर लावायचं पेडल. पट्टा निसटू नये म्हणून पितळी कुलपं. जादा वायरी, नऊ व्होल्टची बॅटरी, फ्यूज, काळी टेप. ड्रमच्या झांजेपासून कान वाचवायला इअरप्लग (ते कानात घालताना पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पाहिलं आणि त्यांनी यजमानांना कोपर मारून 'यांना स्वतःलाच सहन होत नाही' असं सांगितल्याचं मला ओठांवरून कळलं). शिवाय डीआय बॉक्स, म्हणजे बेसचा आवाज थेट मिक्सरपर्यंत स्वच्छ पोचवणारी लोखंडी डबी. त्यासाठी धोबीतलावला, १८६५ पासून वाद्यं विकणाऱ्या फुर्टाडोजपर्यंत गेलो होतो. पैसे काउंटरवर ठेवताना हात थरथरला. त्या डबीचा पुढे रंगमंचावरचा उपयोग असा झाला की निवेदकाला स्क्रिप्टचे कागद उडू नयेत म्हणून वजन हवं होतं.

आणि एवढं करून आवाज जातो कुठे? चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. हवेत त्या एका लहरीची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर भरते, म्हणजे साधारण २७ फूट. माझ्या घराचा हॉल १४ फूट आहे. तात्पर्य, माझा सूर माझ्याच घरात मावत नाही. तो भिंतीतून पलीकडे जाऊन पूर्ण होतो. पलीकडे जे राहतात त्यांच्याइतका माझा रियाज कुणीही ऐकलेला नाही, आणि त्याबद्दल त्यांचं लेखी मत सोसायटीच्या दप्तरी आहे. प्रेक्षकांचं उलटं. माणसाचा कान मुळातच खालच्या सुरांना कमी दाद देतो. त्यात हल्ली कार्यक्रम प्रत्यक्ष पाहणाऱ्यांपेक्षा व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर पाहणारे जास्त, आणि फोनच्या नखाएवढ्या स्पीकरातून ४१ हर्ट्झचा सूर बाहेर पडणं भौतिकशास्त्राला मान्य नाही. म्हणून आमच्या नात्यात माझ्याविषयी एक गैरसमज पक्का बसला आहे. नागपूरची मावशी प्रत्येक व्हिडिओनंतर आईला फोन करते. "दिसतो ग तो अधूनमधून. बोटंही हलवतो. पण वाजवायला देत नाहीत वाटतं अजून?"

कायद्याचंही तेच. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५; रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. पण हे डेसिबल मोजतात 'ए' नावाच्या मापाने. हे माप माणसाच्या कानाच्या आवडीनिवडी सांभाळतं, त्यामुळे ४० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजातून ते सुमारे ३५ डेसिबल वजा करतं. म्हणजे मी कितीही जोर लावला तरी पोलिसांच्या यंत्रावर मी जवळजवळ निर्दोषच असतो. ढोलकीवाला पकडला जाऊ शकतो, गायिका पकडली जाऊ शकते. आमच्या धंद्याला सरकारकडून मिळालेली ही एकच सवलत.

गंमत म्हणजे लोकांना खालचा आवाज नको असतो असं अजिबात नाही. विसर्जनाला ट्रकवर स्पीकरच्या भिंती रचून छातीत धडधड होईपर्यंत तोच आवाज मागवतात, त्यासाठी वर्गणी काढतात. त्यांना आवाज हवा असतो, तो काढणारा माणूस नको असतो. आणि ही मागणी यंत्रं बनवणाऱ्यांच्या लक्षात फार पूर्वी आली. रोलंड या जपानी कंपनीने १९८१ साली टीबी-३०३ नावाची चंदेरी डबी काढली. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसवाल्याची गरज पडू नये हा तिचा हेतू. तिला कार्यक्रमानंतरचा पुलाव लागत नाही, ती रिक्षाभाडं मागत नाही, तिला मोरपंखी शर्ट नसला तरी चालतं. तरीही ती आपटली. १९८४ मध्ये उत्पादन बंद झालं. ही बातमी मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा तेव्हा मला बरं वाटतं.

पण पुढचा भाग मुंबईचा आहे. फिल्मी वाद्यवृंदांत मुरलेले आपले चरणजितसिंग यांनी ती डबी आणली आणि १९८२ मध्ये तिच्यावर दहा राग बसवून एक रेकॉर्ड काढली. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. पुढे शिकागोच्या पोरांनी त्याच डबीतून 'अ‍ॅसिड हाउस' नावाचं संगीत काढलं, आणि २०१० मध्ये चरणजितसिंगांची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा सगळं जग म्हणायला लागलं, अरे, हे तर मुंबईत आधीच झालंय. थोडक्यात, बेसवाल्याची जागा घ्यायला आलेल्या डबीलाही बेसवाल्यासारखंच वागवलं गेलं. लोकांना ती ऐकू येईपर्यंत दुकानातून गायब झाली होती.

त्या पिढीचं एक बरं होतं. राहुलदेव बर्मन यांच्याकडे टोनी वाझ बेस वाजवत, आणि त्यांनी वाजवलेलं आपण सगळ्यांनी कानात साठवलं आहे. पण रेकॉर्डिंगच्या खोलीत त्यांनी कुठल्या रंगाचा शर्ट घातलाय हे कुणी विचारत नव्हतं. रेकॉर्डच्या पाकिटावर वादकांची नावं सहसा नसत, हा अन्याय खराच. पण त्याबदल्यात फेटाही नव्हता.

दिसणारे बेसवाले जगात आहेत. आपल्या मुंबईच्या मोहिनी डे बेस घेऊन स्टेजच्या मधोमध उभ्या राहतात आणि लोक गायकाकडे पाठ करून त्यांच्याकडे बघतात. पण त्यासाठी त्यांच्यासारखं वाजवावं लागतं, तो मार्ग मी सोडून दिला आहे. दुसरा मार्ग 'किस' या रॉक बँडच्या जीन सिमन्स यांचा. तोंडाला रंग, उंच टाचांचे बूट, हातात कुऱ्हाडीच्या आकाराचा बेस, आणि बेस सोलोच्या वेळी ते तोंडातून (खोटं) रक्त ओकत. मला त्यांच्याविषयी सहानुभूती आहे. लोकांनी एक बेस सोलो जागेवर बसून ऐकावा म्हणून माणसाला शेवटी रक्त ओकावं लागतं. तिसरे पॉल मॅकार्टनी. १९६१ साली हॅम्बुर्गला त्यांनी साधारण ३० पौंडांना घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर बेस जगातला सगळ्यात प्रसिद्ध बेस. १९७२ मध्ये लंडनला तो गाडीतून चोरीला गेला आणि मोठी शोधमोहीम होऊन २०२४ मध्ये परत मिळाल्याचं जाहीर झालं. कुठे होता? एका घराच्या पोटमाळ्यावर. ही बातमी मी बायकोला वाचून दाखवली. तिने आमच्या माळ्याकडे पाहिलं, जिथे मखर आणि कुकरची जुनी खोकी आहेत, आणि म्हणाली, "मग तुझाही ठेवूया की. किंमत वाढेल."

आमच्याकडे अजून सामानाचा थाट शिल्लक आहे असं मला वाटायचं. १९६९ साली निघालेला अँपेगचा एसव्हीटी हा ३०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर. नुसतं त्याचं डोकं ३५ किलोच्या वर आणि खाली दहा-दहा इंची आठ स्पीकरांचं कपाट. तो बेसवाल्याच्या मागे उभा केला की माणूस कसाही असो, भारदस्त दिसायचा. आता ५०० वॉटचं डोकं तीन किलोत येतं, पाठीवरच्या पिशवीत बसतं, आणि आवाज तर डीआयमधून थेट मिक्सरला जातो. मोठमोठ्या रॉक बँडांच्या मागे दिसणाऱ्या स्पीकरच्या भिंतींतली कितीतरी खोकी आतून रिकामी असतात, फक्त शोभेला. हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा धंद्याची दिशा दिसली.

ती दिशा मग आपण होऊन फोन करून घरी आली. ठाण्यातला एक मोठा संगीत सोहळा. इव्हेंटवाला मुलगा फार अदबीने बोलला. "सर, तुमचं प्रेझेन्स हवंय."

"गाणी पाठवा, बसवून ठेवतो."

"गाण्यांचं टेन्शन घेऊ नका सर. ट्रॅक आहेत, लॅपटॉपवर. ड्रम, बेस, स्ट्रिंग्ज, सगळं आत आहे."

"मग मी काय करू?"

"तुम्ही उभे राहा ना. नवरामुलगा म्हणाला, लाइव्ह बँडचा फील पाहिजे. स्टेज रिकामं वाटतं."

"वायर लावू का?"

"लावा ना सर, वायर छान दिसते. फक्त दुसरं टोक कशाला लावू नका."

गेलो. कपडे त्यांनीच दिले, माझ्या मापाचे. चेहऱ्याला पावडर लावायला एक मुलगी होती. स्टेजवर जागा पुढे, मधोमध, गायिकेच्या उजव्या हाताला. खोकी दुसऱ्याने हलवली. मागे एलईडीची भिंत, वर ट्रसच्या सांगाड्यावरून शार्पी दिव्यांचे झोत माझ्यावर, पायाशी धूर. क्रेनवरचा कॅमेरा दर गाण्यात माझ्या बोटांवर येऊन थांबायचा. बूट घालायची परवानगी होती आणि वीज कुठूनच येत नसल्याने शॉक बसायचा प्रश्न नव्हता. पट्टा मी पीटर हुकइतका खाली सोडला, कारण मनगटाला काही करायचंच नव्हतं. एका सुराचीही चूक झाली नाही. जेवणाच्या वेळी तीनजणांनी येऊन हात मिळवला. त्यातल्या एकाने त्याच्या मुलाला बेस शिकवाल का म्हणून विचारलं. पाकीट नेहमीच्या तिप्पट जाड होतं.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ घरच्या गटावर आला. आईने तो चष्मा लावून पूर्ण पाहिला, शेजारच्या काकूंना बोलावून दाखवला आणि मला म्हणाली, "आज पहिल्यांदा तुझं वाजवणं नीट कळलं बघ." नागपूरहून मावशीचाही फोन आला. "दिलं वाटतं शेवटी वाजवायला!"

तेव्हापासून मी दरपत्रक बदललं आहे. वाजवण्याचे इतके, आणि उभं राहण्याचे वेगळे. फेटा, केडियू, मुंडू यांचे प्रत्येकी जादा. मोरपंखी असेल तर शर्ट आयोजकांनी आणायचा. दुसरा आकडा मी मुद्दाम पहिल्याच्या दुप्पट ठेवला आहे. घासाघीस होतेच, आपल्याकडे ती व्हायचीच. पण ती नेहमी वाजवण्याच्या आकड्यावर होते. उभं राहण्याचे पैसे लोक आगाऊ देतात.